कॅप का निघते? नौपाड्यातल्या क्लिनिकच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

आजपासून ही वही सुरू. काम एकच आहे: सिरॅमिकच्या कॅप, ऑनले (दाताचा वरचा काही भाग झाकणारा तुकडा) आणि व्हिनियर (दातावर चिकटवायचा पातळ पापुद्रा) दातावर वर्षानुवर्षं घट्ट राहाव्यात म्हणून आमच्या क्लिनिकमध्ये आणि वागळे इस्टेटमधल्या लॅबमध्ये काय बदलता येईल ते शोधायचं आणि बदलायचं.

निघालेली कॅप रुमालात गुंडाळून पेशंट येतो तेव्हा सगळ्यांनाच घाई असते. त्याला ऑफिस गाठायचं असतं, बाहेर माणसं खोळंबलेली असतात. मग कॅप आतून खरवडायची, नवं सिमेंट भरायचं आणि बसवून द्यायची, असा शिरस्ता बहुतेक ठिकाणी पडलाय. पण कॅप खरवडली की पुरावा गेला. सिमेंटचा थर कॅपच्या आत राहिला असेल आणि दात कोरा असेल, तर दाताच्या बाजूला काहीतरी बिनसलं. सिमेंट दातावर आणि कॅप आतून चकचकीत, तर सिरॅमिकच्या बाजूचं काम कच्चं राहिलं. दोन्हीकडे थोडं थोडं असेल तर सिमेंटच मधून तुटलं. थर जाड झाला असेल किंवा आतपर्यंत सेट झालं नसेल. आणि सिरॅमिकचे तुकडे झाले पण दातावरचा तुकडा उचकटूनही निघत नसेल, तर पकड उत्तम होती. जाडी कमी पडली किंवा चावा जड होता.

म्हणून पहिला नियम: भिंगाखाली पाहून, फोटो काढून, वहीत लिहिल्याशिवाय निघालेल्या कॅपला कुणी हात लावायचा नाही. असिस्टंट ताईंनी फोनवर सांगायचं वाक्यही ठरवलं: "कॅप डबीत ठेवा, ब्रशने घासू नका, घरातला गोंद लावून बसवू नका." गोंद लोक खरंच लावतात आणि हिरडी भाजून घेतात.

७ जून

प्रकल्पात ताई आणि लॅबवाले दादा दोघेही आहेत, म्हणून आज दुपारी दोघांना बसवून मुळापासून सांगितलं.

दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. त्याखालचं डेंटिन सुमारे ७० टक्केच खनिज. बाकी कोलॅजेनचे धागे आणि पाणी, आणि त्यातून नसेकडे जाणाऱ्या बारीक नळ्या, त्याही ओल्या. रेझिन सिमेंटला, म्हणजे प्लास्टिकसारख्या कडक होणाऱ्या सिमेंटला, कोरडं, खडबडीत खनिज आवडतं, त्यामुळे इनॅमलवरची पकड भरवशाची असते. डेंटिनवर पकड मिळते, पण तिचे नखरे फार. कोलॅजेन ओलसर हवं, चिंब नको आणि सुकून आक्रसलेलंही नको.

१९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी इनॅमलला ८५ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड लावून त्यावर अ‍ॅक्रिलिक जास्त घट्ट चिकटतं हे दाखवलं. कल्पना त्यांना कारखान्यांवरून सुचली होती. धातूला रंग धरावा म्हणून आधी फॉस्फोरिक अ‍ॅसिडचा हात देतात. हे ऐकून लॅबवाले दादा सरसावून बसले. "मॅडम, आमच्या गाळ्याच्या मागेच पावडर कोटिंगवाला आहे. तो पत्रा आधी फॉस्फेटिंगला टाकतो. ते चुकलं तर रंग पोपडे धरून निघतो." मला पाच वाक्यांत सांगायचं होतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. रंगाचा डबा कितीही महाग असो, पत्र्याची तयारी फसली की रंग फसला.

अ‍ॅसिडने पृष्ठभाग असा खडबडीत करणं म्हणजे एच करणं. आज त्यासाठी आपण ३७ टक्क्यांच्या आसपासचं जेल वापरतो. इनॅमलवर १५ ते ३० सेकंद, डेंटिनवर १५ सेकंदांपेक्षा जास्त नाही.

१२ जून

पाऊस सुरू झाला, म्हणून कॉम्प्रेसर आधी घेतला. बॉन्डिंगच्या, म्हणजे चिकटवण्याच्या, चर्चेत कॉम्प्रेसरचं नाव फार थोडे लोक काढतात आणि ठाण्यात तर ते पहिल्यांदा काढायला हवं.

दात सुकवायला, बॉन्डमधलं (सिमेंटआधी दातावर लावायच्या चिकट द्रवातलं) अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन उडवायला, कॅपच्या आतलं सिलेन (सिरॅमिक आणि सिमेंट जोडणारा द्रव) वाळवायला, प्रत्येक वेळी आपण थ्री-वे सिरिंजची, म्हणजे खुर्चीवरच्या हवा-पाण्याच्या पिचकारीची, हवा मारतो. ती हवा बाहेरचीच, दाबून टाकीत भरलेली. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतली आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर असते. अशी हवा सहा-सात पट दाबली की तिला सगळी वाफ पेलवत नाही, टाकीच्या तळाशी पाणी साठतं. तेलावर चालणारा कॉम्प्रेसर असेल तर त्यात तेलाचा अंशही मिसळतो. मग एच करून, धुऊन, तयार केलेल्या दातावर आपण "सुकवतोय" असं समजून पाण्याचे आणि तेलाचे थेंब उडवतो.

तपासणी अगदी सोपी. सिरिंजचं फक्त हवेचं बटण दाबून स्वच्छ आरशावर आणि नंतर टिश्यू पेपरवर काही सेकंद हवा मारायची. आरशावर ठिपके दिसले तर ओल. टिश्यूवर उमटलेला डाग वाळून नाहीसा झाला तर पाणी, पारदर्शक होऊन राहिला तर तेल. खाली टाकीचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडला तर नुसतं तांबूस पाणी. आता रोज संध्याकाळी टाकी रिकामी करायची, सकाळी पहिल्या पेशंटआधी आरशाची तपासणी, आणि लाइनवर ओल धरणारा फिल्टर. फिल्टरचा माणूस परवा येतोय. ताईंनी तपासणीची तारीख लिहायला आरशाशेजारीच कॅलेंडर टांगलंय, त्यामुळे आठवण ठेवावी लागणार नाही.

१८ जून

आज वागळे इस्टेटला गेले. लॅबमध्ये निम्मा दिवस.

मुद्दा होता हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडचा. लिथियम डायसिलिकेट किंवा जुनं फेल्डस्पॅथिक पोर्सिलेन, या सिरॅमिकमध्ये काचेचा भाग असतो. हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड तो भाग विरघळवतं, स्फटिक उघडे पडतात आणि सिमेंट शिरायला बारीक खाचा तयार होतात. पोर्सिलेन असं एच करून दाताला चिकटवण्याची पद्धत १९८३ च्या सुमारास रूढ व्हायला लागली आणि आजची व्हिनियर त्यावरच उभी आहेत.

वेळेचं गणित मात्र प्रत्येक सिरॅमिकचं निराळं. ५ टक्के अ‍ॅसिड लिथियम डायसिलिकेटवर २० सेकंद, फेल्डस्पॅथिक आणि ल्युसाइटच्या पोर्सिलेनवर ६० सेकंद. "जास्त ठेवलं तर जास्त पकड" हा समज घातक आहे. जास्त वेळ ठेवलं की काच खोलवर खाल्ली जाते आणि पातळ व्हिनियर आतूनच कमकुवत होतं.

दादांचं म्हणणं असं: "मॅडम, मी एच करूनच पाठवतो. सगळे डॉक्टर तसंच मागतात, त्यांना क्लिनिकमध्ये हे अ‍ॅसिड नको असतं." त्यांचं चूक नाही. अ‍ॅसिड खरोखर वाईट आहे. कातडीला लागलं तर सुरुवातीला फारसं दुखतही नाही. फ्लोराइड आत शिरून कॅल्शियमला धरतं आणि काही तासांनी वेदना सुरू होतात. पण एच केलेला पृष्ठभाग म्हणजे सगळ्या खाचा उघड्या. तो तोंडात ट्रायलला जातो, लाळ लागते, कधी रक्त लागतं, फिट पाहायचं सिलिकॉन आत भरलं जातं. लॅबने दिलेला स्वच्छ पृष्ठभाग सिमेंट भरताना शिल्लकच नसतो. लॅबला वाटतं आपण केलं, क्लिनिकला वाटतं लॅबने केलंय. मधल्या त्या ट्रायलचं कुणीच धनी नाही.

ठरलं ते असं: काचेचं सिरॅमिक लॅबमधून एच न करता येईल. ट्रायल झाल्यावर, सिमेंटच्या आधी, क्लिनिकमध्ये मी एच करेन. दादा थोडे साशंक होते. "बाकीच्या डॉक्टरांना सांगू का हे?" म्हणाले. म्हटलं, आधी आपण करून पाहू.

१९ जून

अ‍ॅसिडची जागा तयार केली. बेसिनजवळ वेगळा ट्रे, जाड हातमोजे, गॉगल. कॅप हातात धरायची नाही, प्लास्टिकच्या चिमट्यात. काचेची वाटी चालणार नाही, हे अ‍ॅसिड काच खातं. धुतलेलं पाणी प्लास्टिकच्या कपात खायच्या सोड्यात घ्यायचं, मग ओतायचं. २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल ट्रेमध्येच राहील; ते नसेल त्या दिवशी बाटली उघडायचीच नाही. पेशंटच्या तोंडात हे अ‍ॅसिड वापरायचं नाही, याला अपवाद नाही.

धुतल्यावर सिरॅमिक दुधी, मॅट दिसायला हवं. त्यावर खडूसारखा पांढरा थर असेल तर ते एचिंग नव्हे, अ‍ॅसिडने विरघळलेल्या काचेचे क्षार आहेत. ते खाचांमध्ये बसले तर सिमेंटला जागा उरत नाही. डिस्टिल्ड वॉटर भरलेल्या अल्ट्रासोनिकमध्ये (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या यंत्रात) सुमारे ५ मिनिटं, की जातात.

२५ जून

फ्रिज आवरला. सिलेनच्या बाटल्या पाहिल्या.

सिलेनच्या रेणूचं एक टोक काचेतल्या सिलिकाला धरतं आणि दुसरं सिमेंटमधल्या रेझिनला. एका बाटलीत येणारं सिलेन आधीच सक्रिय केलेलं असतं, त्यामुळे ते बाटलीतल्या बाटलीत आपसातच जुळत राहतं आणि हळूहळू निकामी होतं. ताजं सिलेन पाण्यासारखं स्वच्छ. जरासं गढूळ दिसलं की टाकून द्यायचं, छापलेली तारीख काहीही म्हणो. झाकण उघडं राहिलं तर अल्कोहोल उडतं आणि ही घसरण आणखी वेगाने होते.

प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख. आणि पावसाळ्यासाठी एक खास गोष्ट: फ्रिजमधून काढलेली बाटली लगेच उघडायची नाही. गार बाटलीवर दव धरतं तसं आतल्या द्रवालाही दमट हवेतली ओल मिळते. खोलीच्या तापमानाला आली की मगच झाकण काढायचं. ताई सकाळी कॉम्प्रेसरच्या तपासणीसोबतच दिवसाच्या बाटल्या बाहेर काढून ठेवतील.

सिलेन लावून ६० सेकंद थांबायचं, मग वाळवायचं. शक्य तर कोमट, कोरड्या हवेने. त्यासाठी एक साधा हेअर ड्रायर घेतला. सिरिंजच्या हवेवरचा माझा विश्वास अजून पूर्ण बसलेला नाही.

४ जुलै

झिर्कोनिया. या प्रकल्पातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच, कारण आजकाल मागच्या दातांना सर्रास झिर्कोनियाच बसतं आणि काचेच्या सिरॅमिकची सवय तिथे उलटी पडते.

झिर्कोनिया मजबूत. लिथियम डायसिलिकेटची वाकण्यातली ताकद साधारण ४०० मेगापास्कल, तर नेहमीच्या झिर्कोनियाची १००० च्या वर. पण त्यात काच नाही. हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड लावून काही होत नाही, सिलेनला धरायला सिलिका नाही. त्याची किल्ली निराळी आहे: एमडीपी नावाचा रेणू. जपानमध्ये कुरारे कंपनीने तो विकसित केला आणि १९८३ पासून पनाव्हिया या सिमेंटमधून तो वापरात आला. त्याचं फॉस्फेटचं टोक झिर्कोनियाच्या ऑक्साइडला धरतं, दुसरं टोक रेझिनला. १९९८ मध्ये मॅथियास कर्न आणि वेगनर यांनी दाखवलं की सँडब्लास्ट केलेल्या, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक कण मारलेल्या, झिर्कोनियावर एमडीपी असलेलं सिमेंट पाण्यात दीर्घकाळ ठेवल्यावरही टिकतं.

आता अडचण पाहा. लाळेतही फॉस्फेट असतात. ट्रायलमध्ये लाळ लागली की तेच झिर्कोनियाला जाऊन चिकटतात, आणि एमडीपीने जिथे बसायचं त्या जागा आधीच भरलेल्या असतात. नुसत्या पाण्याने ते निघत नाहीत. काचेच्या सिरॅमिकवरची लाळ फॉस्फोरिक अ‍ॅसिडने छान साफ होते, म्हणून हात सवयीने त्याच निळ्या जेलकडे जातो. झिर्कोनियावर मात्र ते जेल स्वतःच फॉस्फेट आणतं आणि उरल्यासुरल्या जागाही अडवतं. एकच बाटली एका सिरॅमिकला उपकारक, दुसऱ्याला मारक. हे मी ताईंना तीन वेळा समजावलं नाही, एकदाच सांगितलं आणि निळ्या जेलच्या ट्यूबवर लाल पट्टी चिकटवली: "झिर्कोनियाला नाही."

मग काय करायचं? ट्रायल झाल्यावर आतल्या बाजूने सँडब्लास्टिंग: ५० मायक्रॉनचं अ‍ॅल्युमिना, दाब १ ते २ बार. त्याने लाळेचे फॉस्फेट उडतात आणि पृष्ठभाग नव्याने उघडतो. नंतर एमडीपी असलेला प्रायमर (सिमेंटआधी द्यायचा पातळ हात) आणि मग रेझिन सिमेंट. मार्कुस ब्लाट्झ यांनी हेच एपीसी या तीन अक्षरांत बसवलंय: हवेने कण मारणं, प्रायमर, कॉम्पोझिट सिमेंट. सँडब्लास्टर नसेल तर या कामासाठी खास क्लीनिंग पेस्ट मिळतात, त्याही चालतात.

लॅबमध्ये दाब जास्त ठेवतात. त्यांना घाण काढायची असते, आपल्याला पृष्ठभाग जागा करायचा असतो. खुर्चीजवळ वापरायचा छोटा सँडब्लास्टर मागवलाय. धूळ उडणार, म्हणून डबीत हात घालून, सक्शन लावून.

१० जुलै

घोडबंदर रोडवरून एक काका आले. निवृत्त शिक्षक, खालच्या दाढेवरचा सिरॅमिकचा ऑनले डबीत घालून. काम दुसरीकडे झालेलं. ऑनले जसाच्या तसा, एक ओरखडा नाही. "डॉक्टर, तुम्ही सांगितलंत म्हणून घासला नाही," म्हणाले.

भिंगाखाली: सिमेंटचा पूर्ण थर ऑनलेच्या आत. दात जवळजवळ कोरा, फक्त काठावर, जिथे इनॅमल होतं तिथे सिमेंटचे ठिपके. म्हणजे सिरॅमिकची बाजू कुणीतरी नीट सांभाळली होती. सुटलं ते डेंटिनवरून.

डेंटिन घासल्यावर माप घेतात, तात्पुरतं सिमेंट भरून पेशंटला घरी पाठवतात, आणि लॅबचं काम येईपर्यंत उघडं डेंटिन त्या तात्पुरत्या सिमेंटखाली राहतं. युजेनॉलचं सिमेंट असेल, ज्याला लवंगेच्या तेलाचा वास येतो, तर डेंटिनमध्ये मुरलेलं युजेनॉल रेझिनला सेट होण्यापासून अडवतं. युजेनॉल नसलं तरी सिमेंटचे कण, लाळ, जंतू नळ्यांच्या तोंडाशी बसलेले असतात. कापल्या कापल्या डेंटिन जितकं स्वच्छ असतं तितकं ते पुन्हा कधीच नसतं.

काकांना दुखत नव्हतं. तात्पुरतं बंद करून दिलं, युजेनॉलशिवायच्या सिमेंटने. नवं काम आपल्या पद्धतीने करू.

१६ जुलै

डेंटिन लगेच सील करण्याची पद्धत आजपासून प्रत्येक ऑनले आणि क्राउनला (म्हणजे कॅपला), जिथे डेंटिन उघडं पडतं तिथे. पास्कल मान्ये यांनी २००५ मध्ये ती सविस्तर मांडली आणि तिचा प्रसार केला.

दात घासून झाला, भूल अजून उतरलेली नाही, रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायची रबराची चादर) लावलेला. याच क्षणी, माप घेण्याआधी, डेंटिनवर बॉन्ड लावायचा, तो कडक व्हावा म्हणून लाइट मारायचा, वर ग्लिसरीन जेल लावून पुन्हा लाइट. ग्लिसरीनचं कारण असं की बॉन्डचा सगळ्यात वरचा थर हवेतल्या ऑक्सिजनमुळे कच्चा राहतो. तो तसाच राहिला तर मापाच्या मटेरियलला चिकटतो आणि माप बिघडतं. नंतर काठावरचं इनॅमल बरने (ड्रिलच्या टोकाने) पुन्हा साफ करायचं, तिथे बॉन्ड सांडलेला असतो.

पेशंटला याचा फायदा त्याच रात्री कळतो. नळ्या बंद झाल्यामुळे तात्पुरत्या कॅपखाली गार पाण्याचा झटका बसत नाही. दुसऱ्या भेटीत बरेचदा भूलही लागत नाही.

एक सावधगिरी: तात्पुरती कॅप रेझिनची असेल तर ती सील केलेल्या डेंटिनला जन्माची चिकटू शकते. आधी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. दुसऱ्या भेटीत सील केलेला भाग हलक्या सँडब्लास्टिंगने किंवा प्युमिसच्या भुकटीने ताजा करायचा, इनॅमलला अ‍ॅसिड, मग बॉन्ड आणि सिमेंट.

रूट कॅनॉल झालेल्या दातांसाठी आणखी एक. कॅनॉल धुवायला सोडियम हायपोक्लोराइट वापरतात, त्याचा ऑक्सिजन डेंटिनमध्ये राहून रेझिनला सेट होऊ देत नाही. ब्लीचिंगनंतरही तेच, म्हणून ब्लीचिंग आणि व्हिनियर बसवणं यात एक-दोन आठवड्यांचं अंतर ठेवतोच.

२६ जुलै

रबर डॅम. बाहेर धो-धो, गाड्या उशिराने, निम्म्या अपॉइंटमेंट पुढे गेल्या, त्यामुळे जे आले त्यांना निवांत समजावता आलं.

तोंडातली हवा जवळजवळ पूर्ण दमट असते, प्रत्येक श्वासाबरोबर. लाळेचा थेंब पडला नाही तरी ही वाफ एच केलेल्या दातावर बसते. रबर डॅमने दात तोंडाच्या हवेपासून वेगळा होतो. पेशंटना आधी गुदमरल्यासारखं वाटतं, मग नाकाने श्वास लागला की बरेच जण झोपतात. एका आजींनी विचारलं, "हे चादरीसारखं कशाला गं?" ताईंनी सांगितलं, "आजी, तुमची कॅप कोरडी राहावी म्हणून." पुरलं.

शेवटच्या दाढेवर, जिथे काठ हिरडीच्या खाली गेलाय आणि डॅम बसतच नाही, तिथे चिकटवण्याच्या भरवशावर राहायचं नाही. तिथे दाताला पुरेशी उंची आणि जवळजवळ समांतर भिंती द्यायच्या, झिर्कोनियाची पूर्ण कॅप करायची आणि ग्लास आयोनोमरसारख्या, ओल थोडी सोसणाऱ्या सिमेंटने बसवायची. सगळीकडे बॉन्डिंग हा हट्ट मला मान्य नाही.

६ ऑगस्ट

लाइटची तपासणी. रेडिओमीटर, म्हणजे प्रकाशाची तीव्रता मोजायचं यंत्र, ठेवून पाहिला तर टोकावर वाळलेल्या रेझिनचा ठिपका. तो खरवडल्याबरोबर आकडा वर गेला. सिरॅमिकमधून जाताना प्रकाश कमी होतो. जाडी आणि गडद शेड जितकी जास्त तितका कमी. पातळ व्हिनियरला फक्त लाइटवर सेट होणारं सिमेंट, जाड ऑनलेला ड्युअल क्युअर, म्हणजे लाइटने आणि आपोआपही सेट होणारं. झिर्कोनियातून प्रकाश कमीच जातो, तिथे ड्युअल क्युअरच, आणि प्रत्येक बाजूने लाइट.

ड्युअल क्युअर सिमेंटशी एका बाटलीचा आम्लधर्मी बॉन्ड जुळतोच असं नाही. आम्ल सिमेंटमधल्या अमाइनला, म्हणजे ते सेट व्हायला लागणाऱ्या घटकाला, खाऊन टाकतं. बॉन्ड आणि सिमेंट एकमेकांसाठी बनवलेलेच घ्यायचे, स्कीममध्ये स्वस्त मिळालं म्हणून दोन ठिकाणचे जोडायचे नाहीत.

२१ ऑगस्ट

ठाणे स्टेशनवरून नेरूळची गाडी पकडली. माझी मैत्रीण तिथल्या एका डेंटल कॉलेजात शिकवते, तिच्याकडे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन आहे. दादांनी झिर्कोनियाच्या चकत्या करून दिल्या होत्या.

मशीन काय करतं? चकतीवर सिमेंटचा छोटा खांब चिकटवलेला असतो, मशीन तो हळूहळू आडवा ढकलत जातं आणि किती बळाला सुटला ते सांगतं. मला आकड्यापेक्षा सुटल्यानंतरचा पृष्ठभाग पाहायचा होता. मैत्रीण म्हणाली ते खरं: "अगं, आकडे लॅबलॅबला बदलतात. खांबाचा व्यास बदलला, सुरीची जागा बदलली तरी बदलतात. तुटलेलं कुठून ते बघ." काही चकत्यांना लाळ लावलीच नाही. बाकीच्यांना लावून कुठे नुसतं पाणी, कुठे फॉस्फोरिक अ‍ॅसिड, कुठे सँडब्लास्टिंग. मग सगळ्यांना तोच प्रायमर, तेच सिमेंट. मधल्या काळात तिने चकत्या ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आळीपाळीने बुडवल्या होत्या. गरम चहा आणि गार पाण्याचा दाताला बसणारा मार तो हाच.

भिंगाखाली चित्र स्वच्छ होतं. पाणी आणि अ‍ॅसिडवाल्या चकत्या चकचकीत, सिमेंटचा पापुद्रा अखंड सुटलेला. सँडब्लास्ट केलेल्यांवर सिमेंट राहिलेलं, तुटलं ते सिमेंटच्या पोटातून. मी फोटो तिथूनच दादांना पाठवले. लगेच फोन आला. "मॅडम, आता मला बाकीच्या डॉक्टरांनाही सांगावं लागेल."

२७ ऑगस्ट

दहीहंडी. टेंभी नाक्याच्या बाजूने कुणी येऊ शकणार नाही, म्हणून क्लिनिक अर्धा दिवस. ताईंबरोबर ट्रे पुन्हा लावले: काचेच्या सिरॅमिकचा निळा, झिर्कोनियाचा पांढरा. एका ट्रेची बाटली दुसऱ्यात जाणार नाही.

५ सप्टेंबर

चिठ्ठी तयार झाली. प्रत्येक कामासोबत लॅबमधून क्लिनिकला आणि परत, एकच कागद.

वर दादांचा भाग: सिरॅमिक कोणतं, दाबून केलेलं की मिलिंगचं (मशीनवर कोरलेलं), आतली बाजू सँडब्लास्ट केली असेल तर किती दाबाने, आणि ठळक अक्षरांत "एच केलेलं नाही". खाली माझा भाग: डेंटिन कधी सील केलं, तात्पुरतं सिमेंट कोणतं, ट्रायलमध्ये लाळ किंवा रक्त लागलं का, कशाने साफ केलं, किती सेकंद एच, सिलेनची बाटली कधी उघडलेली, डॅम लावला की नाही. पुढे कधी कॅप निघालीच तर हा कागद आणि भिंगाखालचं दृश्य शेजारी ठेवता येईल.

दादांनी एक रकाना स्वतःहून वाढवला: सिमेंटसाठी ठेवलेली जागा, मायक्रॉनमध्ये. "तुम्ही म्हणालात ना थर जाड झाला तर मधून तुटतं. मग मी किती जागा सोडली ते तुम्हाला कळायला नको?" डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा तेच टाकतात आणि आजवर कुणी विचारलाच नव्हता. आता रकाना छापील आहे.

२० सप्टेंबर

विसर्जन होऊन कामाला पुन्हा वेग. घोडबंदरच्या काकांचा नवा ऑनले आज बसवला. डेंटिन सील केलेलं होतं, भूल लागली नाही. २० सेकंद एच, अल्ट्रासोनिक, सिलेन, हेअर ड्रायर. काका आरशात पाहत म्हणाले, "एवढा वेळ मागच्या वेळी लागला नव्हता." वेळ जास्त लागतो हे खरं आहे आणि फीमध्ये तो धरावा लागतो. पेशंटला हे आधी सांगायचं, बिल देताना नाही.

४ ऑक्टोबर

दादांकडे आता आणखी काही डॉक्टर चिठ्ठी मागतायत. त्यांनी ती स्वतःच्या लॅबच्या नावाने छापून घेतली. मला यात आनंदच आहे.

पुढचं काम कळव्याहून आलेल्या कॉलेजच्या मुलीचं. वरचा बाजूचा दात जन्मतः नाही, शेजारचे दात निरोगी. त्यांना घासून ब्रिज करणं मला पटत नाही, आणि इम्प्लांटसाठी तिचं वय लहान आहे. एका पंखाचा झिर्कोनिया ब्रिज करायचा: एकाच शेजारच्या दाताच्या मागे इनॅमलवर चिकटवलेला पातळ पंख आणि त्याला जोडलेला दात. कर्न यांनी या एका पंखाच्या रचनेवर बरीच वर्षं काम केलंय. दोन पंख असले की दोन दात वेगवेगळे हलतात आणि एक पंख सुटतो, पेशंटला कळतही नाही आणि आत दात किडतो. एकच पंख असेल तर ही ओढाताण होत नाही. इथे आधार देणाऱ्या भिंती जवळपास नाहीत. सगळा भरवसा पकडीवर. इनॅमल भरपूर, डॅम नीट बसतो, सँडब्लास्टर हाताशी आहे.

सोमवारी स्कॅन वागळे इस्टेटला जाईल. चिठ्ठीवर दादांसाठी एक ओळ वाढवली: पंखाच्या आतल्या बाजूला ग्लेझ (चकाकीचा काचेचा लेप) लागू देऊ नका.